डावी पानं

२२ नोव्हेंबर

नाही म्हणजे नाही, हेरदिस. आणि ‘साध्या एका सहीला किती दिवस लावणार’ असं मला विचारूच नकोस. साधी असती तर तीन वर्षं माझ्याशी एक शब्द न बोललेली तू मला मेल केली असतीस? तीही चार ओळींची. ‘फॉर्म जोडलाय. अर्जाची शेवटची तारीख एक डिसेंबर. साध्या एका सहीला किती दिवस लावणार ते कळव. एच.’ नुसतं एच! माझ्या दातांच्या डॉक्टरची मेल याहून प्रेमळ असते.

वाचला फॉर्म, संशोधनात कोणाचा किती वाटा त्याचा. लेख एक, लेखिका दोन, आधी तोरुन, मग हेरदिस. खाली रकाने. लेखन कोणाचं: तोरुन, शंभर टक्के. आकडेमोड: तोरुन नव्वद, हेरदिस दहा. मोजमाप: निम्मं निम्मं. मूळ कल्पना: हेरदिस, शंभर टक्के. किती न्यायी आहेस गं! मला तीन रकाने वाटून दिलेस आणि चौथा स्वतःकडे ठेवलास, ज्याच्यावर नोकरी मिळते तो. तळाला सह्यांच्या दोन रेघा. तुझी सही झालेली. वाकडी आली आहे. पूर्वी तुझी सही अशी नसायची.

बूदोची जागा ना? नवीन सागरबर्फ केंद्र. एकच जागा आणि ती कायमची. मलाही नोकऱ्यांची यादी येते, हेरदिस. दर सोमवारी, अजून. आठवतं, आपल्या खोलीत हीटरला पाय लावून तू ती बातम्या वाचणाऱ्या बाईच्या आवाजात वाचायचीस? ‘होबार्ट, दोन वर्षं, दक्षिण ध्रुवावरचं हिम, जहाज लागणाऱ्यांनी अर्ज करू नये. ब्रेमरहाफेन, अठरा महिने, बंदूक चालवता येणं आवश्यक, जर्मन आलं तर बरं, मन कणखर हवं.’ मी विचारायचे, ‘कायम?’ तू म्हणायचीस, ‘कायम फक्त बर्फ.’ आणि मग दोघी एकदम, ‘तोही नाही!’

आता ते कायम खरंच निघालंय आणि तू हारस्ताच्या शाळेत पोरांना न्यूटन शिकवतेस, म्हणून तुला हवंय. आणि मी? सलग तीन वर्षं झाली की कायम करावं लागतं, म्हणून मला दोन वर्षं अकरा महिन्यांनी केक कापून घरी पाठवलं. केक चांगला होता, रासबेरीचा. तेव्हापासून मी ह्या बेटावर आहे, हवामान निरीक्षक. चार माणसं, तीन कुत्री. दर तीन तासांनी बाहेर जाऊन आकाश बघायचं, समुद्र बघायचा, दिसलं ते लिहून मुख्य ठाण्याला कळवायचं. सूर्य गेला तो फेब्रुवारीत येणार. बंदुकीशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण अस्वलं. मार्चमध्ये एक हेलिकॉप्टर येईल, तोपर्यंत कोणी येत नाही, कोणी जात नाही. माझी पाळी जूनपर्यंत.

मेल तेवढी चालते, म्हणून तर तू मला गाठलंस. पण हे मी मेलनं लिहीत नाहीये. पेन्सिलीनं, हातानं लिहितेय. पाठवीन असं नाही. कागद जरा वेगळा वाटेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

३० नोव्हेंबर

तुला आज दुपारी मेल केली. ‘उपग्रहाची तबकडी आठवडाभर बर्फानं गच्च होती, तुझी मेल आत्ताच पाहिली, फॉर्म छापून सही करून स्कॅन करायला वेळ लागेल, प्रिंटरही रुसलाय, सॉरी.’ त्यावर तुझी एकच ओळ: ‘कळलं.’

काय कळलं तुला?

तबकडी खरंच बर्फानं झाकली होती. दोन तास. हालवारनं शिडी लावून झाडूनं साफ केली. हालवार म्हणजे आमचा स्टेशनप्रमुख, लोफोटनचा. तिकडच्या माणसाला शिव्या दिल्याशिवाय हवासुद्धा सांगता येत नाही. वरून ओरडत होता, ‘ह्या घोड्याच्या तबकडीला आणि तिला बनवणाऱ्या घोड्याला!’ केतिल, यंत्रं सांभाळतो तो, शिडी धरून उभा. दिवसाला तीन वाक्यं बोलतो. त्यातलं एक खर्च केलं: ‘घोडा बनवत नाही.’

तर दोन तास. मी तुला आठवडा सांगितला. प्रिंटरला काही झालेलं नाही.

आणि दुसरं सांगते, कारण उद्या-परवा तुला कळणारच आहे. मीही अर्ज केलाय. काल. त्यात तो लेख पहिल्या नंबरवर आहे. ‘मूळ कल्पना’ ह्या रकान्यात मी काय लिहिलं ते विचारू नकोस. तुझ्या सहीची जागा रिकामी ठेवून खाली टीप दिली: ‘सहलेखिकेशी संपर्क होऊ शकला नाही.’

हे वाचून तू फोन फेकला असतास. तू वस्तू फेकायचीस, मला आवडायचं. मी कधी काही फेकलं नाही. मी ठेवून देते.

१८ डिसेंबर

शनिवार. शनिवारी इथं सगळे कपडे बदलून जेवायला बसतात. हालवार टाय लावतो, केतिल अंघोळ करतो. ओद्रुन आमची स्वयंपाकीण, साठीची, कानात मोती घालते. आज तिनं सुकवलेला कॉड मासा केला होता, बटाटे, वाटाण्याची चटणी. बाहेर दुपारी बारा वाजताही काळंकुट्ट आणि आत आम्ही चौघं मेणबत्त्या लावून, लग्नाला आल्यासारखे.

जेवताना ओद्रुन फोन बघत म्हणाली, ‘अगं तोरुन, पेपरात तुझं नाव!’

बूदोची अर्जदारांची यादी. आपल्याकडे हे एक आहे ना, कोणी कुठं अर्ज केला ते गावाला कळलंच पाहिजे. नाव, वय, गाव. अडतीस जण. ओद्रुननं लग्नपत्रिका वाचावी तशी मोठ्यानं वाचायला घेतली. ‘एक डॉक्टर लिस्बनचा. एक किएलचा. हा कोण, बेचाळीस वर्षांचा, सध्या बेकरीत! वा. आणि ही हारस्ताची, शाळेतली शिक्षिका. हेरदिस. ही तुझी संशोधन जहाजावरची मैत्रीण ना? बोटं गेली ती?’

‘दोन,’ मी म्हटलं. ‘पेरं फक्त.’

‘पेरं फक्त!’ हालवार म्हणाला. ‘हिच्या दोन पेरांना कुऱ्हाड लावा रे कोणीतरी, मग विचारू फक्त की काय.’

‘तुम्ही दोघी एकाच जागेला?’ ओद्रुननं फोन खाली ठेवला. ‘मग बोलता की नाही एकमेकींशी?’

‘लिहिते मी तिला,’ मी म्हटलं. खोटं नाही ते.

‘आणि ती?’

‘कॉड छान झालाय,’ मी म्हटलं.

केतिलनं माझ्याकडे बघितलं आणि बटाटा वाढला. एकही वाक्य खर्च न करता.

१४ जानेवारी

आज हालवारनं मला सगळ्यांसमोर झोडपलं. तुला आवडेल म्हणून सांगते.

सकाळी नऊच्या निरीक्षणाला दार उघडलं तर पायरीपासून चार पावलांवर अस्वलाचे ताजे ठसे, ताटाएवढे. कुत्री भुंकत नव्हती, म्हणजे गेलं असावं, पण मी पायरी उतरले नाही. दार लावलं. आत बसून फॉर्म भरला. तापमान यंत्रावरून मिळतं, वारा यंत्रावरून. पण किती लांबचं दिसतंय ते डोळ्यांनीच बघावं लागतं. अंधारात आम्ही दिवे मोजतो, कोठाराचा दिवा दिसला तर इतकं, रेडिओच्या खांबाचा दिसला तर तितकं. सहा वाजता चार किलोमीटर होतं. मी चार लिहिलं.

दहा मिनिटांत हालवार आला. कुत्र्यांना खायला घालून, मिशांना बर्फ. ‘चार किलोमीटर कोणाचे? तुझ्या आज्जीचे? मला कोठाराचा दिवा दिसत नाहीये, तो दोनशे मीटरवर आहे. धुकं उतरलंय.’

मी अस्वलाचं सांगितलं.

‘मग बरोबर केलंस, नाही गेलीस ते. मी काय म्हणतोय? नाही गेलीस ना? नाही बघितलंस ना? मग तिरकी रेघ मार. न बघितलेल्याची खूण तिरकी रेघ, पहिल्या दिवशी शिकवलं तुला. शंभर वर्षं लोक इथं रेघा मारतायत, कोणाची नोकरी गेली नाही. आकडा कसला लिहितेस?’

‘एका आकड्यानं काय होतंय?’

‘त्या एका आकड्यावर हेलिकॉप्टर उडतं, गाढवे. आत माणसं असतात.’

मग तो आत जाऊन स्वतःच कॉफी घेऊन आला. माझ्यासाठी पण. म्हणाला, ‘रेघ मारायला लाज वाटते तुम्हा शिकलेल्यांना. रिकामं दिसतं म्हणून.’

मी कॉफी प्यायले. पूर्ण कप. त्याच्यासमोर.

तुला आठवतो आपल्या लेखातला पहिला परिच्छेद? ‘१९ मार्च रोजी असे निरीक्षणास आले.’ कोणाच्या निरीक्षणास, ते लिहिलेलं नाही. ते मी फार हुशारीनं लिहिलं होतं. १९ मार्चला तू ट्रोम्सोच्या हॉस्पिटलात होतीस, गोठलेल्या बोटांना पट्ट्या बांधून, आणि बर्फावर होते मी.

१८ फेब्रुवारी

सूर्य आला. परवाच यायचा, पण ढग होते. आज पावणेबाराला दक्षिणेला नारिंगी कड दिसली, बटाट्याच्या सालीएवढी, आणि वीस मिनिटांत गेली. ओद्रुन पायरीवर उभी राहून रडली. दर वर्षी रडते म्हणे. अठ्ठावीस वर्षं असल्या स्टेशनांवर जेवण करतेय. पुढे समुद्र बघितला तर सगळा गोठलेला, काठापासून दिसेल तिथपर्यंत पांढरा. अंधारात वाटत होतं पाणी आहे. एवढे दिवस आपण चारी बाजूंनी बंद होतो हे आत्ता दिसलं.

आणि दुपारी बूदोच्या निवड समितीचा अहवाल आला. तुलाही आला असणार, सगळ्यांना येतो. प्रत्येकानं बाकीच्यांची लक्तरं वाचायची आणि दोन आठवड्यांत हरकती कळवायच्या. त्रेसष्ट पानं. मी आधी तुझं पान काढलं, खरंच आधी तुझं.

‘अर्जदाराच्या मुख्य लेखातील मूळ कल्पना तिची असल्याचा दावा आहे, तथापि त्यास आधार दिलेला नाही. सहलेखिकेची सही नाही. क्षेत्रकार्य अर्धवट सोडलेले आढळते. पदासाठी पात्र ठरत नाही.’

अर्धवट सोडलेले.

मग माझं. ‘स्वतंत्र विचार, धाडसी मांडणी.’ क्रमांक एक.

हालवारनं ऐकलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. ‘घोडीचे! प्राध्यापक झालीस!’ ओद्रुननं संध्याकाळच्या टाकोला मेणबत्ती लावली, शुक्रवारी इथं जेवायला टाकोच असतात. केतिलनं उठून हस्तांदोलन केलं आणि तीनही वाक्यं एकदम बोलला: ‘अभिनंदन. घर बघावं लागेल. बूदोत वारा फार.’

मी हसत होते. तोंड दुखेपर्यंत. चौघांच्या टेबलावरून उठून जाणार कुठं? दोन दारं. एकाबाहेर अस्वल आणि एकाबाहेर माझी खोली, आणि खोलीत, खाटेखाली, ही.

ही म्हणजे ज्याच्यावर मी लिहितेय ती. तुला आत्तापर्यंत कळलं असेल. तू बोटानं चाचपूनच ओळखलं असतंस, मेणचट, पाण्यात न भिजणारा कागद, पिवळं कव्हर, कोपऱ्यात तुझ्या दातांच्या खुणा. ही तुझी वही आहे, हेरदिस. बर्फावरची. जी भेगेत पडली असं मी तुला हॉस्पिटलात फोनवर सांगितलं ती. भेग खरी होती. तंबूचा एक खुंटा गेला त्यात. वही नाही गेली.

तू फक्त उजव्या पानांवर लिहायचीस. डावी कोरी सोडायचीस, नंतर काही सुचलं तर लिहायला. सुचलं मला.

२६ फेब्रुवारी

तुझी हरकत मिळाली. केंद्रानं प्रत मला पाठवली, नियमच आहे. तू चिडून लिहिलं असशील असं वाटलं होतं. तसं काही नाही. ‘ही कल्पना माझ्या क्षेत्रवहीत ३ मार्च या तारखेला नोंदलेली होती. ती वही बर्फाच्या भेगेत पडून गेली, असे तोरुन सांगते. मजकडे दुसरा पुरावा नाही.’ असे तोरुन सांगते. एवढंच. खोटं बोलते असंसुद्धा म्हणाली नाहीस.

खाली केंद्राच्या कार्यालयातल्या बाईंचं मला पत्र. ‘सदर वही अस्तित्वात आहे का? होय किंवा नाही. असल्यास मूळ वही १२ मार्चपर्यंत सादर व्हावी, फोटो चालणार नाहीत. उत्तर ५ मार्चपर्यंत.’

पाच मार्चलाच हेलिकॉप्टर आहे. पुढचं जहाज मे महिन्यात. म्हणजे वही गेली तर त्या दिवशी, नाहीतर नाहीच.

‘नाही’ दोन अक्षरी आहे. लिहायला काय लागतं? मी बूदोत घर बघीन, वाऱ्याचं. सोमवारची यादी न उघडता पुसून टाकीन. सदतीस वर्षांची आहे मी, पाच देशांत नऊ पत्ते झाले, माझ्या नावावर एक खुर्चीसुद्धा नाही. तू म्हणशील, तुझ्या नावावर काय आहे?

तुझं पान मी रोज बघते. तुला पाठ नसेल, मला झालंय.

‘३ मार्च. उणे ३४. खड्डा ११. हिम ४१ सेंमी. तळाचं ७ सेंमी ओलं!! चाखलं. खारट. समुद्राचं पाणी वर आलंय. रडार इथंच अडणार, खाली बर्फापर्यंत जाणारच नाही. म्हणजे आपण सगळे बर्फ आहे त्याहून जाड धरतोय. सगळ्यांचे नकाशे चूक.’

इथपर्यंत अक्षर तुझं. मग मोठं होत जातं, ओळी उतरतात, पोरांनी काढल्यासारखी. जाड हातमोज्यात पेन्सिल धरता येत नाही, म्हणून तू मोजे काढलेस. शेवटची ओळ मला पहिल्यांदा लागलीच नव्हती. लागली तेव्हा जहाजावर माझ्या खोलीत दार लावून बसले होते.

‘तोरुनला सांग.’

असं लिहिलंयस. स्वतःलाच बजावून ठेवल्यासारखं.

मी तिथं असायला हवं होतं, हेरदिस. खड्डा अकरा माझ्या पाळीचा होता. सकाळी नाश्त्याला मी तुला म्हटलं, ‘आज तू जातेस का, माझं डोकं दुखतंय,’ आणि तू तपकिरी चीजचा तुकडा तोंडात कोंबून म्हणालीस, ‘जाते गं, झोप तू.’ डोकं दुखत नव्हतं. एका जागेची शेवटची तारीख होती त्या दिवशी, मी खोलीत बसून अर्ज भरत होते. ‘संघात काम करण्याची आवड’ ह्या रकान्यात दहा ओळी लिहिल्या. जोडीदारानं दर पाच मिनिटांनी एकमेकींच्या नाकाकडे, बोटांकडे बघायचं, पांढरी पडतायत का. तुझ्याबरोबर फक्त अस्वलावर नजर ठेवणारा होता, तीस मीटरवर, तुझ्याकडे पाठ करून. त्याचं कामच पाठ करून उभं राहायचं.

ती नोकरी मिळाली मला. तीच, केकवाली.

नोव्हेंबरमध्ये तुझी मेल आली त्या दिवशी मी रबर घेऊन बसले होते. ह्या कागदावरची पेन्सिल पुसता येते. ३ च्या वरच्या गोलावर एकदा फिरवलंसुद्धा, डाग दिसेल तुला. मग हात थांबला. काही मोठं वगैरे वाटलं नाही, खरं सांगते. आपण शिकलेलो आठवलं फक्त. फील्डच्या वहीत खोडायचं नाही. चुकलं तर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. पुसलेल्या वहीला कोणी विचारत नाही. मी रबर ठेवला आणि समोरच्या कोऱ्या पानावर तुझ्याशी भांडायला लागले.

आणि आता असं झालंय की वही पाठवायची तर हे सगळं जातं. डावं पान फाडलं तर मागचं तुझं फाटतं. पुसलं तर पुसल्याची खूण राहते, मग त्या बाई विचारणार, काय होतं इथं? मी स्वतःला इतकं पक्कं कसं कोंडून घेतलं, काही कळत नाही.

४ मार्च

ओद्रुननं पकडलं आज. चादरी बदलायला आली होती. मी जेवणघरात होते, परत आले तर खाटेवर बसून वही उघडून बघत होती.

‘वाचत नाहीये,’ म्हणाली. ‘चष्मा तिकडे राहिला. पण दोन अक्षरं आहेत एवढं दिसतं.’

मी दार लावून घेतलं.

‘दर हिवाळ्याला कोणीतरी काहीतरी लपवून आणतंच. बहुतेक बाटली असते. एकानं ससा आणला होता.’ तिनं वही मिटली, उशीवर ठेवली. ‘ही त्या पेरंवालीची?’

‘हो.’

‘तिला माहीत आहे?’

‘नाही.’

‘हं.’ उशीचा अभ्रा चढवला, झटकला. मला वाटलं आता काहीतरी सांगेल, म्हाताऱ्या बायका सांगतात तसं. नाही सांगितलं. दारात थांबून म्हणाली, ‘टपालाची पिशवी उद्या अकराला बांधणार. हेलिकॉप्टर बाराला, धुकं नसलं तर. धुकं आहे की नाही ते तूच लिहिणार आहेस, नऊला तुझी पाळी आहे.’

आणि गेली. त्या बाईनं चादर बदललीच नाही.

५ मार्च

सकाळी नऊला बाहेर गेले. कुत्रा घेतला, बंदूक घेतली. कोठाराचा दिवा दिसला. खांबाचा दिसला. टेकडीची कड दिसली. आणखी दहा मिनिटं उभी राहिले, धुक्याची वाट बघत, खोटं कशाला बोलू. आलं नाही. दक्षिणेचं टोकसुद्धा दिसलं. वीस किलोमीटर. लिहिलं.

मग आत येऊन कार्यालयातल्या बाईंना मेल केली. ‘होय. वही आहे. पडली नव्हती, माझ्याकडेच होती. मूळ कल्पना हेरदिसची, ३ मार्च. १९ मार्च ही तारीख मी घातलेली. माझा अर्ज मागे घेत आहे. सही केलेला फॉर्म जोडला आहे.’ नियतकालिकाच्या संपादकांनाही तेच. प्रिंटर एका झटक्यात चालला, निर्लज्ज.

आता मला कोणी बर्फावर जाऊ देणार नाही. इथं बेटावर देतील का, तेही मुख्य ठाणं ठरवेल. हालवारला मी सांगितलं सगळं, जेवणघरात उभ्या उभ्या. त्यानं मिशी चावली. एकही शिवी दिली नाही. ते फार वाईट वाटलं. शेवटी म्हणाला, ‘जूनपर्यंत पाळी आहे तुझी. बाराचं पण तूच कर, माझे गुडघे दुखतायत.’ गुडघे दुखत नाहीत त्याचे.

वही मी बूदोला पाठवत नाहीये. तुला पाठवतेय, हारस्ताला. बारा तारखेच्या आत तू ती नेऊन दाखव, किंवा नको दाखवूस. दाखवलीस तर त्या बाई डावी पानंही वाचतील, तबकडी, रबर, डोकेदुखी, सगळं. वाचू देत. तू वाचलीस तर बघ, नाही वाचलीस तरी उजवी पानं तुझी जशीच्या तशी आहेत, तो ३ वरचा डाग सोडून. माफी मागायला मी ह्यात जागा ठेवली नाही. शेवटची सहा पानं कोरी आहेत, ती उजवी आहेत, तुझी आहेत.

आवाज यायला लागला. केतिल मशाली लावायला गेला उतरायच्या जागेवर. ओद्रुन पिशवीचं तोंड धरून उभी आहे आणि माझ्याकडे न बघता म्हणतेय, ‘झालं का गं पोरी, का पुढच्या जहाजानं?’

झालं.

तुला उत्तर द्यायचं असेल तर मे महिन्याच्या जहाजानं पाठव, मेलनं देऊ नकोस, मी मेल आज उघडणार नाही. बारा वाजतायत, मला बाहेर जायचंय. पेन्सिल ठेवून घेतेय. ती माझी आहे.